दवादारू

आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी कर. बैलांना आराम आणि माणसांना मोकळं रान. वर्षभर थेंबाला न शिवणारे माझे मालकही त्या दिवशी मित्रांबरोबर मळ्यात जाऊन बसायचे. दारूबंदीचे दिवस होते, पण हातभट्टीला कोण अडवणार? मला तो दिवस मेला कधी आवडलाच नाही.

मी नवीन सून होते त्या वर्षीची गोष्ट. कर झाली आणि दुसऱ्या सकाळी हे बाजेवर उठून बसले, पांढरेफटक. म्हणाले, "मले कसंतरीच होऊन राह्यलं. छातीत पाखरू फडफडल्यावानी वाटते."

मी सासूदेखतच त्यांच्या छातीला कान लावला. दोन ठोके पडले, एक चुकला, मग तीन-चार एकदम पळाले. पुढचा पडतो की नाही, भरवसाच नाही.

"लाज आहे का व तुले?" आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, कडाडल्या. "दिवसाढवळ्या नवऱ्याच्या उरावर पडते!"

मग त्यांनीच कोठीतून कालची उरलेली बाटली काढून लेकाला दोन घोट पाजले. काट्यानं काटा निघतो म्हणे. निघतो कुठला! ठोके आणखीच उधळले.

चिखलीला डॉक्टरांकडे नेताना एसटीत मी यांचं मनगट सोडलं नाही. नाडी हाताला लागायची, सुटायची. गाडी थांबली की मला चीड यायची, चालली की भीती वाटायची. त्यात आत्याबाई कानाशी, "दारूचं नाव काढशील तं पाह्य! पोलीस नेतीन माह्या पोराले. चार लोकांत इज्जत आहे आपली."

इज्जत! माणूसच गेला तर ती इज्जत काय चाटायची?

डॉक्टरांनी छातीला नळी लावली. कपाळाला आठ्या पडल्या. "घरी काही दवादारू केली का?"

दवादारू म्हणजे औषधपाणी, सगळेच तसं बोलतात. आत्याबाई घाईनं म्हणाल्या, "नाही जी, काहीच नाही."

डॉक्टर सुई भरायला वळले. भलत्याच रोगाची सुई टोचतात की काय! मला धीर धरवेना.

"दवा नाही जी, दारू केली!" मी ओरडलेच. "काल यायनं पेली, अन् आज आत्याबाईनं पाजली!"

डॉक्टरांनी सुई खाली ठेवली. "बरं झालं बोललीस, बाई. दारूनं ठोक्यांचा ताल सुटतो कोणाकोणाचा. वर्षातून एकदा घेतली तरी. आता थेंबही नको."

दुपार कलेपर्यंत त्यांनी यांना तिथंच निजवून ठेवलं. ठोके हळूहळू ओळीवर आले. परतताना आत्याबाई एसटीत माझ्याकडे पाठ करून बसल्या. पुढं कितीतरी दिवस कामापुरतंच बोलायच्या, तेही भिंतीकडे बघून.

पुढच्या वर्षी करीच्या दिवशी मित्रांनी अंगणातून हाक दिली, "चाल बे!" हे चपला शोधायला लागले. मी तोंड उघडायच्या आत आत्याबाई उंबऱ्यात आडव्या बसल्या.

"तो येत नाही. दारू सोसत नाही त्याले," त्या साऱ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाल्या.

हे चरफडत बाजेवर टेकले. आत्याबाईंची नजर लेकाच्या छातीवरून हलेना. शेवटी माझ्यावर खेकसल्या.

"उभी काऊन व? लाव ना कान!"