खोडलेले देश
मुलांनो, काल मिक्सर दुरुस्त करायला आलेल्या माणसाच्या हाताला ग्रीसचा वास होता आणि मला कळंबचा आमचा वेल्डर शेजारी आठवला. कापसाचे भाव पडलेली ती वर्षं. शेतकऱ्यांना मजूर लावणं परवडेना, म्हणून त्यानं वेचणी झाल्यावर वावरात उरलेली पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, उपटायचं हातयंत्र बनवलं होतं. त्याच्या पेटंटच्या आंतरराष्ट्रीय अर्जाला नंबर मिळाला, तेव्हा ते इंग्रजी पत्र मीच वाचलं आणि ऐटीत सांगितलं, "साऱ्या जगात तुझा हक्क झाला." त्यानं गावच्या चिंतामणी गणपतीला पेढे ठेवून गल्लीभर वाटले. वर्षभरानं वकिलाचं पत्र आलं. हक्क अजून कुठेच मिळाला नव्हता. मुदतीच्या आत प्रत्येक देशात वेगळी फी, वेगळा वकील आणि लागेल तिथे भाषांतराचा खर्च करायचा होता. मी माझी चूक कबूल केली. "मंग काकू, पेढे वापस मांगू काय?" असं म्हणून तो ओट्यावरच बसला. पत्रासोबत देशांची आणि खर्चाची यादी होती, तिच्यात भारतही होता. त्याची बायको म्हणाली, "आपल्याच घरात जायले तिकीट काहून?" ऐपत एकाच देशाची होती. "तुमीच खोडा काकू, माह्या हातानं नाही होत." मी पट्टी लावून अमेरिका खोडली, मग चीन, मग ब्राझील. भारत उरला. तो म्हणाला, "बस झालं, वावर तं इथंच हाये." तुम्ही आज राहता तो देश मी सर्वांत आधी खोडला, कारण तिथल्या वकिलाचा आकडा सगळ्यांत मोठा होता.