पांगाऱ्याचं गाव

शांतावहिनींचा फोन आला तेव्हा मी सरावलीच्या घरी पेपर तपासत बसलो होतो. "मास्तर, तुमचे दादा गेले. चाय ठेवली ती तशीच निवली, उठलेच नाय." मी काय बोललो ते आठवत नाही. हातातला पेपर मात्र पुरा तपासला, गुण दिले, आणि मग रडलो. माणूस असा विचित्र वागतो. याला आता दीड महिना झाला.

जगूदादा, शांतावहिनींचा नवरा, नवापूरचा. जन्मभर होडीवर राबला आणि गुडघे गेल्यावर होडी मुलाच्या, नितेशच्या, हाती देऊन घरी बसला. घरी बसलेला माणूस एकतर भांडतो नाहीतर छंद लावून घेतो. दादाने एकाच कामात दोन्ही साधलं. आमच्या शाळेच्या वाचनालयातून त्याने एक जुनी, नावाजलेली कादंबरी नेली. तिचं नाव तो कधी घेत नसे, नुसतं 'बूक' म्हणायचा. म्हणून मीही घेत नाही. किनाऱ्यावरचं गाव, एक बाप, त्याचा हट्टी मुलगा. नारळी पुनवेला दर्याला नारळ वाहण्याआधीच मुलगा होडी काढतो, बाप स्वतः ती पाण्यात लोटून देतो आणि मुलगा परत येत नाही. आठवड्याने दादा पुस्तक परत करायला आला तो तणतणतच.

"मास्तर, तुमचा लेखक कदी होडीत बसला होता काय? दर्याला नारळ दिल्याबिगर आमी होडी लोटत नाय. पोरगं येडं आसंल, पण बाप? बाप हात लावंल?"

मी मास्तरकीच्या तोऱ्यात म्हणालो, "मग तुम्हीच लिहा दुसरा शेवट." बोलून गेलो आणि विसरलो. तो विसरला नाही.

दोन वर्षं तो त्या कादंबरीच्या मागे लागला होता. पांगाऱ्याचं हलकं लाकूड कोरून त्याने एका फळीवर ते अख्खं गाव उभं केलं. घरं, बोंबील वाळत घालायच्या काठ्या, बोटाएवढी माणसं, आणि एक होडी, इतकी नेमकी की तिचं सुकाणूही हलायचं. माणसं सुटी ठेवली होती, कारण अध्याय बदलला की तो ती उचलून दुसरीकडे मांडायचा. माझ्या वर्गातली मुलं रविवारी जाऊन बसायची. दादा वाचायचा आणि माणसं हलवायचा. शेवटचा अध्याय मात्र वहीत त्याने स्वतः लिहिलेला. त्यात बाप होडीच्या पुढे, समुद्राकडे पाठ करून उभा राहतो. त्यासाठी त्याने बाप कोरला तोच दोन्ही हात पुढे केलेला. होडी अडवणारा.

चिंचणीला आम्ही त्या अध्यायाचं छोटं नाटुकलं केलं. बाप झाला दादा, मुलगा झाला नितेश. नितेशला हसू आवरेना. दादा मात्र खराखुरा गरजला, "माझ्या अंगावरनं ने होडी!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. सर्वांत जोरात मीच वाजवल्या असतील.

पुढच्याच श्रावणातली गोष्ट. पावसाळ्यातली मासेमारीवरची सरकारी बंदी उठली होती, नारळी पुनव अजून लांब होती. आजूबाजूच्या होड्या जायला लागल्या होत्या आणि नितेशला दम निघत नव्हता. त्या सकाळी तो तिघांना घेऊन निघाला, पण ओहोटीमुळे होडी वाळूत रुतली. किनाऱ्यावर होडी अडली आणि कोणी हाक मारली तर तिथे नाही म्हणायची रीत नाही. जो असेल तो धावतो. नितेशने हाक मारली आणि दादा गेला... दुखऱ्या गुडघ्यांनी गेला. खाडीच्या तोंडाशी होडी उलटली. तिघं पोहून आले. नितेश तिसऱ्या दिवशी चिंचणीच्या वाळूवर मिळाला.

तेरावं झाल्यावर दादा वही घेऊन शाळेत आला. वर्गाबाहेर उभा राहिला, आत यायला तयार नाही.

"ही फाडून टाका, मास्तर. लेखक बरोबर हाय. पोराने हाक मारली, 'बाबा, जरा हात लावा', आन माझा हात गेला. जनमभर तेच केलंय... होडी अडली का हात लावायचा. पुनव आठवलीच नाय. ती होडी हालल्यावर आठवली."

"दादा, ती नुसती कादंबरी आहे हो," असं काहीतरी मी म्हणालो. इतकं बिनडोक वाक्य मी आयुष्यात बोललो नसेन. त्याने माझ्याकडे पाहिलं, वही माझ्या हातात ठेवली आणि गेला. त्यानंतर वर्षभर मी अधूनमधून जात राहिलो. तो बोलायचा ते गुडघ्यांबद्दल, पावसाबद्दल. फळीवर जुनं लुगडं टाकलेलं असायचं. ते उचलायचा धीर मला झाला नाही.

वही मी फाडली नाही. दादाच्या दहाव्याला ती घेऊन गेलो, वहिनींना द्यावी म्हणून. त्यांनी घेतली नाही. मग मी लुगडं बाजूला केलं. गाव होतं तसंच होतं, घरांवर धूळ, काठ्या जागच्या जागी. फक्त बाप होडीपुढे नव्हता. तोच, दोन्ही हात पुढे केलेला बाप आता होडीच्या मागे होता, आणि त्याचे हात होडीला लागले होते.

मी त्याला उचलून पुढे ठेवायला गेलो. हलेना. दादाने त्याच्या पायांतून खिळा मारला होता.

होडी तेवढी सुटी होती. ती मी त्याच्या हातांपासून काढली आणि वर, घरांच्या ओळीत नेऊन ठेवली. पावसाळ्यात होड्या ठेवतात तशी. वहिनी दाराशी उभ्या होत्या. मी चपला घातल्या आणि निरोप घ्यायला वळलो, तर त्या फळीवर वाकल्या होत्या. पदराने धूळ पुसून त्यांनी होडी परत त्या हातांना लावली.

"ऱ्हाऊ दे, मास्तर," त्या म्हणाल्या. "त्यांनी ठेवलीय तिथंच ऱ्हाऊ दे."