आडनाव विचारल्यावर लागू झालेला नियम

"आडनाव काय म्हणालात?"

मी सांगितलं. काउंटरपलीकडच्या साहेबाचं हसू तिथंच थांबलं. त्याआधी तो भलताच खुशीत होता. बंगळूरमध्ये, इंटरनेट कंपनीच्या ऑफिसात, मराठी बोलणारं गिऱ्हाईक आलं म्हणून. "बसा ताई, आपल्याच माणसाचं काम," म्हणाला होता.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. तेव्हा टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट यायचं. कनेक्शन माझ्या चामराजपेटच्या घरी. त्याचाच पासवर्ड मी हेब्बाळला राहणाऱ्या धाकट्या भावाला दिलेला. दोघांनी एकाच वेळी लावलं आणि कंपनीच्या मशीननं खातं बंद केलं. भावाला मुलाखतीचं बोलावणं त्याच खात्याच्या मेलवर यायचं होतं.

"एक खातं, एक माणूस. सही करताना वाचलं नव्हतंस?" आता मी 'तू' झाले होते. "तुम्हा लोकांना सगळ्यातच सवलत हवी. नियम म्हणजे नियम."

रांगेतली माणसं बघत होती. मराठी न कळणाऱ्यांनाही सूर कळला असणार. मी मान खाली घातली. "चूक झाली साहेब," म्हणाले. आई नागपूरला मालकिणीच्या मागच्या दाराशी उभी राहून ज्या आवाजात बोलायची, तोच आवाज. कंपनीत प्रोग्रॅम लिहिणाऱ्या माझ्या तोंडून. आठवलं की अजून कानशिलं तापतात.

मी बाजूला झाले. मागे एक काका होते, सरकारी कारखान्यातले इंजिनियर, मराठी मंडळात पाहिलेले. त्यांचंही खातं बंद पडलेलं. घरी मुलगा, ऑफिसात ते, एकाच वेळी. त्यांनी ते लपवलंही नाही.

"मशीनला काय कळतंय, काका," साहेब हसला. "आत्ता सुरू करतो."

केलं. काकांनी मला पाहून न पाहिल्यासारखं केलं.

मशीननं आम्हा दोघांना सारखंच वागवलं होतं. मी परत काउंटरशी गेले.

"तोच नियम यांनाही वाचून दाखवा. नाहीतर माझं सुरू करा."

"उगाच जात मध्ये आणू नकोस," साहेब म्हणाला. मी जातीचं नावही काढलं नव्हतं.

खातं सुरू झालं नाही. बोलावणं आलं असेल तर आतच राहिलं. भाऊ मला एका शब्दानं बोलला नाही, त्याचीच जास्त लाज वाटली.

आता कुठल्याही काउंटरवर कुणी विचारायच्या आत मी आडनाव सांगते. मोठ्यानं. मग म्हणते, वाचा नियम. आणि माझ्या मागच्या माणसाचं काम होईपर्यंत तिथून हलत नाही.