टोपीवाल्याची खिडकी

“मालक, टोपीवाल्याला बोलवा.”

स्वतःच्या डोक्यावर कडक इस्त्रीची पांढरी टोपी असताना हा माणूस माझ्याकडे दुसऱ्याच टोपीवाल्याची मागणी करायचा. दौंडला स्टेशनजवळ माझं नेट कॅफे होतं, तेव्हाची ही गोष्ट. नव्या ब्राउझरमध्ये नुकतीच एक खासगी खिडकी आली होती. ती उघडली की कोपऱ्यात हॅट आणि काळा चष्मा घातलेल्या एका माणसाचं चित्र दिसायचं. या खिडकीत काय पाहिलं त्याची नोंद कॉम्प्युटर ठेवत नाही, हे मीच या आबांना एकदा सांगून बसलो होतो. तेव्हापासून त्यांना दुसरी खिडकी चालेना.

आबा रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून रिटायर झालेले. राहायचे भांडगावला. बाजाराच्या दिवशी बायकोबरोबर जीपनं दौंडला यायचे, तिला भाजीबाजारात सोडायचे, ‘स्टेशनात जुन्या दोस्तांना भेटून येतो’ असं सांगायचे आणि थेट माझ्याकडे यायचे. कोपऱ्यातलं, प्लायवूडच्या आडोशाचं मशीन त्यांचं. इंग्रजी अक्षरं नोकरीमुळे पाठ होती. एका बोटानं, एकेक अक्षर शोधत ते कुठल्याशा वेबसाइटचा लांबलचक पत्ता आठवणीतून टाइप करायचे. खासगी खिडकीला मागचं काही आठवत नसल्यामुळे दर खेपेला पहिल्यापासून. मी मदतीला उठलो की हात आडवा करायचे.

“तुम्ही गल्ल्यावर बसा. माझं चाललंय बेस.”

निघताना एकच प्रश्न ठरलेला. “मागं काय ऱ्हातं का?”

“न्हाई आबा. बंद केलं की संपलं.”

“नक्की?”

एकदा तर त्यांनी मला उठवून खात्रीच करून घेतली. मी पाहिलेल्या पानांची यादी उघडून दाखवली. त्यांच्या पानाचा तिथं मागमूस नव्हता. आबा खूश झाले. “आयला, आमच्याकडं पार्सलवर नाव-गाव घातल्याबिगर कुणी हात लावत नव्हतं. आन् हितं सगळाच बिननावी कारभार!”

आता एवढं जपणारा माणूस काय पाहत असेल, असं तुमच्याही मनात आलंच असेल. आमच्या रस्त्यावर तर त्याचा निकाल केव्हाच लागला होता. समोरचा टेलर डोळा मारून विचारायचा, “काय, म्हातारचळ आला का आत?” त्याला कळायचं कसं? तर चपलांवरून. कॉम्प्युटरला धूळ बाधते म्हणून त्या काळी सगळ्याच कॅफेंत चपला बाहेर काढायची पद्धत होती. आबांच्या चपला म्हणजे टाचेला गाडीच्या टायरचा तुकडा ठोकलेला आणि अंगठा हिरव्या वायरीनं शिवलेला. अशी जोडी सबंध तालुक्यात दुसरी नसेल. आत टोपीवाल्याच्या आड लपायचं आणि बाहेर ही पाटी लावून ठेवायची! त्यांच्या ते कधी ध्यानातच आलं नाही.

त्या चपलांवरून माझ्याशी एकदा वाद झाला. आबा घाईनं आत यायचे, त्यामुळे चपलांची तोंडं आतल्या बाजूला असायची. बाहेर पडताना मात्र त्या वळवून, रस्त्याकडे तोंड करून, जोडीनं ठेवलेल्या सापडायच्या.

“मालक, माझ्या पायताणाला कशाला हात लावता? वयानं मोठे हाव म्हणून काय झालं?”

मी शपथेवर सांगितलं की मी शिवलोसुद्धा नाही. त्यांना ते पटलं नाही.

एका दुपारी लाइट गेली. इन्व्हर्टर आधीच मान टाकून बसलेला, त्यामुळे सगळी मशिनं एकदम बंद झाली. आणि प्लायवूडच्या आडून आबांचा आवाज आला, “अगं थांब! थांब की जरा!”

कॅफेत बसलेली कॉलेजची पोरं खो खो हसली. टेलरला आठवडाभराचा विषय मिळाला. मीही हसलो. पण आबा बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा गाडी सुटून गेलेल्या माणसासारखा होता. लोकांचं हसणं त्यांनी ऐकलं होतं. काय म्हणतात तेही त्यांना ठाऊक होतं. एका वाक्यात सगळ्यांची तोंडं बंद करता आली असती, ते वाक्य त्यांनी काढलं नाही. टोपी सारखी केली, चपलांत पाय घातले आणि गेले.

पुढे काही बाजार आबा आले नाहीत. उसाच्या कामात असतील, असं मला वाटलं.

मग एकदा दारात त्या चपला दिसल्या. मला बरं वाटलं. “या आबा,” म्हणत मी वर पाहिलं, तर एक म्हातारी बाई उभी होती. कपाळ मोकळं. पायांपेक्षा मोठ्या चपला तिनं नुकत्याच काढून ठेवल्या होत्या.

“त्यांचं तेरावं झालं,” ती म्हणाली. “झोपंतच गेले.”

मी तिला खुर्ची दिली. ती बसली नाही. “ते हितं काय बघायचे, मला ठावं हाय. आमच्या लेकीला बघायचे.”

लेकीनं दुसऱ्या जातीतल्या मुलाशी लग्न केलं होतं. आबांनी भावकीसमोर सांगितलं होतं, ती आम्हाला मेली. आणि घरी आल्यावर बायकोला बजावलं होतं, “तिचं नाव घेतलंस तर माझं मेलेलं तोंड बघशील.”

“मग मी कसं घ्यावं नाव?” बाई म्हणाली. “पर एकदा जेवताना बोलून गेले, ‘नातीचं नाक तुझ्यावर गेलंय.’ आन् ताटावरनं उठलेच. तवा मला कळलं, ह्यांना कुठंतरी दिसतीया. पुढल्या बाजारी मी त्यांच्या मागनं आले. चपला दिसल्या. दर बाजाराला यायची, चपला वळवून ठेवायची आन् जायची. वाटायचं, कवातरी मलाबी आत नेतील.”

पदरानं तिनं तोंड पुसलं. “आता मेलेलं तोंड बघून झालं. आता नाव घ्यायला मी मोकळी हाय. दाखवा मला.”

मी कोपऱ्यातलं मशीन सुरू केलं. टोपीवाला आला. पत्त्याची जागा कोरी. काहीच नव्हतं. तिनं लेकीचं नाव घेतलं, इतक्या हळू की मला पुन्हा विचारावं लागलं. मी ते टाइप केलं आणि त्या नावाच्या राज्यभरच्या बायका पडद्यावर आल्या. ती प्रत्येकीच्या तोंडाजवळ वाकून पाहायची.

“ही न्हाई. ही बी न्हाई.”

“मावशी, सासरचं आडनाव काय?”

“ते मला कोण सांगणार, बाबा?”

दुपार कलली तरी आम्ही शोधत होतो. शेवटी तिनं विचारलं, “ते ह्याच डब्यात बघायचे ना? मग गेलं कुठं?”

आबांना मी कितीदा तरी अभिमानानं सांगितलेलं उत्तरच आता तिला द्यावं लागलं. “मागं काय ऱ्हात न्हाई, मावशी,” म्हणालो आणि पडद्यावरचे ते चेहरे काढून टाकले.

तिनं मान हलवली. खुर्चीच्या पाठीवरून हात फिरवला. “हितंच बसायचे?”

“व्हय.”

“मग बसते जरा.”

ती बसली, त्या रिकाम्या खिडकीसमोर, हात मांडीवर ठेवून. मला तिथं थांबवेना. दारात आलो. हिरव्या वायरीच्या चपला आत तोंड करून पडल्या होत्या. मी खाली वाकलो आणि त्या वळवून ठेवल्या.