नाकाडेजींचा बिस्तरा

मुक्कामाच्या जागी बैलगाड्या पोचल्या की नाकाडेजी सर्वांत आधी जमिनीवर आडवे व्हायचे. सामान उतरवण्याआधी, पाणी पिण्याआधी. अंगात खाकी कोट, पायांत बूट, तोंडावर हॅट आणि हा उंचापुरा माणूस भर दुपारी उघड्या शेतात सरळ उताणा. थोडा वेळ पडायचे, उठायचे, चार हात सरकायचे, पुन्हा पडायचे. नवा खलाशी, म्हणजे सर्व्हेचा मदतनीस गडी, असला की त्याला वाटे, साहेबांना चक्कर आली. तो पाण्याचा तांब्या घेऊन धावायचा. “पानी तिकडे ठेव गा,” हॅटखालून आवाज यायचा, “मी जमीन पाहून राहिलो.”

आम्ही कालव्याच्या सर्व्हेवर होतो. दिवाळी आटोपली की नागपूर सोडायचं आणि कुही-उमरेडच्या पट्ट्यात, कधी त्याच्याही पुढे जंगलाच्या कडेकडेनं मुक्काम बदलत होळीपर्यंत राहायचं. मी नुकताच इंजिनिअर होऊन आलेला, कागदावर त्यांचा साहेब. ते सर्व्हेअर, माझ्याहून बरेच मोठे. माझ्यासाठी मोठा तंबू होता. त्यांच्या हुद्द्याला छोलदारी मिळे, म्हणजे दोन माणसं जेमतेम मावतील एवढा लहान तंबू. तिच्यात नाकाडेजी कधी झोपत नसत. पहिल्याच मुक्कामावर त्यांनी खलाशांना सांगितलं, “छोलदारी नकाशांले द्या. त्याहिले ओल लागते. मले नाही लागत.”

ते झोपायचे आपल्या बिस्तऱ्यात. तो त्यांनी स्वतः उभं राहून शिवून घेतला होता. कामठीच्या छावणीतून निकालात काढलेला जाड कॅनव्हास, त्याची माणसाएवढी खोळ, खाली ताडपत्री, आत सतरंजी आणि दोन घोंगड्या. डोक्याकडे एक लांब पदर सोडलेला. दव पडायला लागलं की तो तोंडावरून ओढून घ्यायचा. सकाळी सगळं गुंडाळून दोन पट्टे आवळले की ओझं एका खांद्यावर. माझ्या तंबूला मात्र अख्खी बैलगाडी लागे. काळ्या मातीत खुंट्या धरत नसत, मुरमात त्या शिरत नसत. खलाशी घण मारमारून थकायचे आणि नाकाडेजी बिस्तऱ्यावर बसून बिडी ओढत पाहायचे. “तंबूले जागा तंबूची पाह्या लागते, साहेब,” ते म्हणायचे. “मानसाची नाही.”

आमचं भांडण तिथूनच सुरू झालं आणि पुढे कैक हिवाळे चाललं. मी म्हणे, उघड्यावर साप येतो. ते म्हणत, “तंबूत याचं नाही, असं त्याले कोनी सांगतलं?” मी म्हणे, थंडी वाजते. ते म्हणत, “थंडी वाजते म्हनूनच घोंगडी चांगली लागते ना जी.” मी म्हणे, तंबूत टेबल मांडता येतं, कंदील लावून काम करता येतं, चार माणसांत शोभतं. शोभेचं नाव काढलं की ते गप्प व्हायचे. नंतर खलाशांना ऐकू जाईल अशा बेतानं पुटपुटायचे, “साहेब कपडा पांघरते, मी आभाळ पांघरतो. दोघाईची झोप सारखी.”

ते काही साधुपुरुष नव्हते, हेही सांगतो. घोरणं तर असं की गाडीचे बैल दूर बांधावे लागत. जागा ओळखण्याचा गर्वही मोठा. “माझी पाठ चुकत नाही,” असं ते छाती ठोकून सांगत. नागपुरात महाल भागात भाड्याचं घर पाहायला गेले, तेव्हा घरमालकाच्या देखत ओसरीवर आडवे झाले होते. बायको शरमेनं भिंतीकडे तोंड करून उभी. घरमालकाला वाटलं, माणसाला फेफरं आलं. घर मिळालं, पण मालकानं एक महिन्याचं भाडं जास्त आगाऊ घेतलं.

त्यांची ती पाठ एकदा चुकली, आणि तीही चांगली चुकली. होळी तोंडावर आली होती. मुक्काम एका जंगलगावाबाहेर होता. तिथं एका भल्यामोठ्या झाडाखाली जमीन अशी स्वच्छ, झाडून-पुसून ठेवल्यासारखी. एक वाळकं पान नाही, एक खडा नाही. नाकाडेजी आडवे झाले आणि उठलेच नाहीत. तिथूनच ओरडले, “साहेब, अशी जागा मले जन्मात नाही भेटली. तुमचा तंबू इकडे आना.” पण माझ्या तंबूचे दोर त्या झाडाच्या मुळांत ताणता येईनात. मी पलीकडे, दगडगोट्यांत राहिलो.

पहाट फुटताना आरडाओरडा ऐकून मी बाहेर आलो. झाडाखाली टोपल्या घेतलेल्या चारपाच बाया आणि मधोमध नाकाडेजी, खोळीतून अर्धे बाहेर. त्यांच्या अंगावर, डोक्यावर, बिस्तऱ्यावर सगळीकडे पिवळट फुलं. तो मोह होता. मोहाची फुलं पहाटे गळतात, ती मातीत मिसळू नयेत म्हणून ज्यांचा तो मोह त्या घरच्या माणसांनी आधीच पालापाचोळा जाळून झाडाखालची जागा साफ केली होती. आम्ही शहरातले शहाणे. आम्हाला वाटलं, जंगलानं आमच्यासाठी अंगण सारवून ठेवलं.

“उठा ना जी बाबा!” त्यांतली म्हातारी ओरडत होती. “आमचा मोह होय हा! फुलं दाबून राहिले तुमी!”

“उठतो वं माय, उठतो. पट्टा अडकला.”

“अस्वल येते इथं फुलं खाले. घोरनं ऐकून पळालं वाटते ते!”

बाया हसून हसून खाली बसल्या. नाकाडेजींनी नंतर खोळीच्या घडीघडीतली फुलं वेचली, म्हातारीच्या टोपलीत टाकली आणि ऊन वर येईपर्यंत त्या बायांबरोबर वाकून फुलं गोळा केली. कामाला उशीर झाला म्हणून मी कुरकुरलो, तर म्हणाले, “साहेब, जागेचं भाडं देऊन राहिलो.” त्या दिवसानंतर ते झाडाखाली आडवे व्हायच्या आधी झाड कोणाचं ते विचारत.

त्यांच्या नोकरीचा शेवटचा हिवाळा आला तेव्हा त्यांना दमा जडला होता. पुढच्या पावसाळ्यात ते रिटायर होणार होते. कॅम्पवर कोणाला न्यायचं ते आता माझ्या हातात होतं. एक दिवस सुशीलावहिनी, म्हणजे नाकाडेजींच्या पत्नी, माझ्या घरी आल्या. कधी न येणाऱ्या बाई. बसल्या नाहीत.

“भाऊजी, डॉक्टरनं साफ सांगतलं. दव अंगावर घ्याचंच नाही. त्याहिले नेऊ नका.”

“वहिनी, नेलं नाही तर ते ऑफिसात बसून...”

“मले माहीत आहे. घरी दोन दिवसांपासून बोलून नाही राहिले.” मग म्हणाल्या, “न्याचंच असन तर मले शब्द द्या. तंबूत झोपवाल. रोज.”

मी शब्द दिला. नाकाडेजींना बोलावून स्पष्ट सांगितलं की छोलदारीत झोपायचं कबूल असेल तर नाव घालतो. त्यांनी खूप वेळ खिडकीबाहेर पाहिलं आणि “ठीक आहे जी” म्हणाले. एवढं लहान वाक्य मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

कुहीच्या पुढे पहिला मुक्काम पडला. जमिनीवर आडवं होणं नाही की भांडण नाही. खलाशांनी छोलदारी उभारली आणि ते मान वाकवून आत गेले. पुढचे काही दिवस मी त्यांचा खोकला ऐकला. कॅनव्हासचा कुबट वास, कंदिलाचा धूर, आतली कोंडलेली हवा. त्यानं दमा वाढत होता की मन वाढवत होतं, ते मी डॉक्टर नाही म्हणून सांगू शकत नाही. माणूस मात्र दिवसागणिक वाळत चालला. जमिनीच्या उंचीचे, लेव्हलचे आकडे चुकायला लागले. तसं त्यांच्याकडून कधी होत नसे.

एका सकाळी चहाचा पेला हातात धरून ते माझ्या तंबूच्या दाराशी आले. आत आले नाहीत.

“साहेब, सुशीलाले शब्द तुमी दिला. मी तुमाले दिला. माझा मी पाळून राहिलो. तुमचं तुमी पाहा.”

“म्हणजे मी काय करू, नाकाडेजी?”

“मले घरी धाडून द्या, नाहीतर बाहेर झोपू द्या. ह्या दोन्हीच्या मधात मी नाही राहू शकत.”

मी बोलका माणूस नाही. आयुष्यात जे बोलायचं तेही पुष्कळदा गिळलं आहे. त्या सकाळी मला दारात उभ्या असलेल्या वहिनी आठवल्या, डॉक्टर आठवले, काही बरंवाईट झालं तर कोणत्या तोंडानं महालात जाणार तेही आठवलं. समोर थंडीत एक माणूस उभा होता. त्याचा कॅम्पवरचा उरलेला हा एकच हिवाळा होता, आणि तो कसा काढायचा ते तो मला विचारत होता.

“नकाशांना ओल लागते आहे,” मी म्हणालो. “छोलदारी त्यांना द्या.”

 पेला माझ्या हातात देऊन ते सरळ समोरच्या शेताच्या धुऱ्याकडे, बांधाकडे गेले आणि कोटबुटांसकट आडवे झाले. खलाशी टाळ्या वाजवायला लागले.

शब्द मी मोडला, डोळे उघडे ठेवून मोडला. ती सकाळ पुन्हा आली तर पुन्हा मोडीन. हे आज मी खणखणीत लिहू शकतो, पण तो हिवाळा माझा भीतीत गेला. त्यांना दोनदा मोठी उबळ आली. एकदा ऑफिसची जीप मागवून तिच्यात घालून कुहीच्या दवाखान्यात न्यावं लागलं. मी वाटभर त्यांची पाठ चोळत होतो. डॉक्टरांनी विचारलं, “झोपता कुठं?” नाकाडेजींनी माझ्याकडे बोट केलं, “हे सांगतीन.” मी म्हणालो, “कॅम्पवर.” परतताना ते धापा टाकत हसत होते. होळीला मी त्यांना घरी पोचवलं, तेव्हा रापलेले, तरतरीत होते. वहिनींनी माझ्याकडे पाहून हात जोडले.

रिटायर झाल्यावर वर्षभरानं, पावसाळ्यात ते गेले. घरी, पलंगावर, खिडक्या बंद असलेल्या खोलीत. मी भेटायला गेलो तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं. वहिनी सगळ्यांना सांगत होत्या, “भाऊजीनं पोरासारखं सांभाळलं. रोज तंबूत झोपवलं, म्हनून हे वर्ष तरी भेटलं मले.” माणसं माझ्याकडे आदरानं पाहू लागली. मी मान खाली घातली. लोकांना ते दुःख वाटलं.

त्यानंतर दरवर्षी संक्रांतीला वहिनींकडून तिळाचे लाडू येत. “तंबूवाल्या भाऊजींसाठी.” ते लाडू मी खात नसे. मुलं खायची. मी महालातून जायचं टाळू लागलो. शब्द मोडल्याचं मला काही वाटत नव्हतं. मी घेत होतो ते आभार मात्र माझे नव्हते. शिवाय वहिनींच्या मनातले नाकाडेजी खरे नव्हते, आणि ते तसे ठेवण्यात माझाही हात होता. गेल्या संक्रांतीला डबा आला तेव्हा मी तो न उघडता उचलला आणि त्यांच्या घरी गेलो.

सगळं सांगितलं. छोलदारी, खोकला, चहाचा पेला, दवाखाना. वहिनी सूप बाजूला ठेवून ऐकत होत्या. शेवटी मी म्हणालो, “शब्द मी मोडला, वहिनी. पण त्यांना सक्ती नव्हती. त्यांना उघड्यावरच आवडायचं. पहिल्यापासून.”

“आवडाचं?”

“हो.”

“त्याहिलेही तंबू भेटत होता? पहिल्यापासून?”

“दरवर्षी.”

 वहिनींचा आवाज चढला. “दर होळीले घरी येत आन् म्हनत, काय सांगू सुशीला, हाडं मोडली, सरकार मानसाले जमिनीवर लोळवते. मले वाटे, नोकरी आहे, करा लागते. भाऊजी, ते कॅम्पवर गेले की मी गादी गुंडाळून ठेवत होती. ते तिथं जमिनीवर, मी कशी गादीवर झोपू? चटईवर झोपली मी. सारे हिवाळे.”

 मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

“आन् हा मानूस तिथं मजेत!” त्यांनी पदरानं डोळे पुसले. रागानं की कशानं, कळलं नाही. मग एकदम माझ्याकडे वळल्या. “असं काय होतं हो तिथं? घरदार सोडून, तंबू सोडून, काय दिसे त्याहिले तिथून? तुमी तर बाजूलेच होते. सांगा ना.”

मला एक संध्याकाळ आठवली. मी माझी गादी तंबूबाहेर काढली होती, आणि खलाशांची जेवणं उरकायच्या आत परत आत नेली होती. साहेब जमिनीवर दिसला तर सकाळी हुकूम कोण ऐकणार, असं वाटलं होतं.

“ते मला सांगता येणार नाही, वहिनी,” मी म्हणालो. “मी तंबूत होतो.”

“इतके वर्षं? एकही रात बाहेर नाही?”

“एकही नाही.”