पांढऱ्या पायाची म्हणे!

माझं डोकं लवकर तापतं, हे आमच्या सगळ्या गल्लीला ठाऊक हाय. पण ह्या गोष्टीनं तापलेलं डोकं अजून निवलं न्हाई, आणि मला ते निवू द्यायचंही न्हाई.

गोष्ट माझ्या थोरल्या जाऊबाईंची. नाव मंजुश्री, मी अक्का म्हणते. माहेर लोह्याकडचं, सासर आमचं हे चाकूर तालुक्यातलं गाव. अक्का म्हणजे लई गुणाची बाई. शेजारचं रडकं लेकरूसुद्धा तिच्या कडेवर गेलं की गप होतं. मी रागानं भांडी आपटली, तर मागून येऊन मुकाट्यानं उचलून ठेवते. फक्त एक गोष्ट तिला ह्या घरात मना होती. गोठ्यात पाय ठेवायचा न्हाई.

कामून? तर अक्का लग्न होऊन आली, त्याच साली आमच्या मामंजींनी, गुरुपादप्पांनी, मोठ्या हौसेनं संकरित गाय आणली. थोड्याच दिवसांत ती मेली. दुसरी आणली, तीही गेली. आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाई पार्वतम्मांनी, निकाल देऊन टाकला : सून पांढऱ्या पायाची हाय. झालं! गाई मेल्या गोठ्यात आणि दोष निघाला पोरीच्या तळपायात. थोरले भावजी, रुद्रेश, अक्काचे मालक. त्यांनी तोंडातून ब्र काढला न्हाई. ह्या माणसाचा मला सगळ्यात जास्त राग येतो.

पुढं मी आले. माझ्या पायांत कुणाला खोट सापडली न्हाई, कारण तोवर नवी गाय आणायची कुणाची छातीच होत नव्हती. गोठ्यात आमची चंद्री तेवढी होती, इकडच्याच देवणी जातीची गाय. आत्याबाईंच्या माहेरची, त्यांनीच वाढवलेली, दर सोमवारी कपाळाला विभूती लावून घेणारी. म्हातारी झाली तरी ठणठणीत.

ह्या उन्हाळ्यात माझ्या मालकांनी, सोमेशनी, हिंमत करून गाभण संकरित गाय आणली. घरचे सगळे उदगीरला लग्नाला गेले होते, आणि नेमकी तेव्हाच ती अडली. घरात मी आणि अक्का. मला त्यातलं काय कळतंय? मी नुसती बोंबलत होते. अक्का गोठ्याच्या दारापर्यंत आली आणि थांबली. मग "मरू दे तिकडं!" म्हणून पदर खोचला आणि शिरली आत. वासराचे पाय धरले, गायीच्या कळेबरोबर ओढत गेली. कालवड झाली. अक्काचे हात कोपरापर्यंत भरलेले, आणि बाई हसत होती. तिला तसं हसताना मी पहिल्यांदा बघितलं.

पुढच्या आठवड्यात गाय तापली. खांद्यापुढं ही मोठी गाठ आली, डोळे आतून पांढरे पडले, कानामागं गोचीडच गोचीड. दवाखान्यात फोन करा म्हणून मी घसा फोडून सांगत होते. आत्याबाईंनी विळा तापवला आणि त्या गाठीवर डाग दिला. सरकारी डॉक्टर आले तोवर उशीर झाला होता. ते म्हणाले, गोचीड ताप, थायलेरिया. गाय संध्याकाळी गेली.

पण डॉक्टरचं कोण ऐकतंय? बाळंतपण अक्कानं केलं, हे बाहेर फुटलंच होतं. "हिनं शिवली आणि गेली का न्हाई गाय! हिला माहेरी घाला. कायमची," आत्याबाई म्हणाल्या. मामंजी खाली बघत बसले. आणि भावजींनी माळ्यावरची बॅग खाली काढली. काढली हो! बायकोसाठी जिभेला जोर नव्हता त्यांच्या, बॅगेसाठी हाताला बरा आला.

अक्का त्या बॅगेत लुगडी भरायला लागली. माझ्या मात्र अंगाची लाही लाही झाली. मी डॉक्टर लुंबिनीला फोन लावला. ही हदगावकडची पोरगी, जनावरांची डॉक्टर, ह्याच रोगावर अभ्यास करून राहिली. मागं आमच्या गावात गोचीड गोळा करत फिरली होती. दुसऱ्या दिवशी सकाळीच आली. मी सगळ्यांना गोठ्यासमोर उभं केलं. अक्का बॅग घेऊन दारात होती.

लुंबिनीनं चंद्रीचं रक्त काढलं. "ठणठणीत गायीला कायला टोचता?" आत्याबाई खेकसल्या.

"ठणठणीत हाय म्हणूनच, आजी," ती म्हणाली. "ह्या गोचीड तापाच्या जंतूच्या अंगावर प्रथिनं असतात. पोळ्याला बैलावर झूल घालता ना, तशी समजा. एकदा जंतू शिरला, की जनावराचं शरीर ती झूल ओळखून ठेवतं. तीच झूल आम्ही लॅबमध्ये बनवून ह्या पट्टीवर बसवलीय. ओळख असली, तर रेघ उमटते."

रेघ उमटली. लालभडक.

चंद्रीच्या अंगात जंतू बसलेला दिसतोय, लुंबिनी म्हणाली. देवणीला तो सोसतो, म्हणून ती चरत राहते. गोचीड तिचं रक्त पितो, भिंतीच्या फटीत वाढतो आणि नव्या गायीला चावतो. संकरित गायीला सोसत न्हाई, ती मरते. लॅबमध्ये पुन्हा बघून पक्कं कळवते.

"मग ही लागण हिच्या पायानंच आणली असेल," आत्याबाई अजून हटेनात.

लुंबिनीनं चंद्रीच्या खांद्यापुढच्या जुन्या डागावर बोट ठेवलं. "हा डाग कधीचा, आजी? तेव्हा इथं गाठ होती ना?"

मामंजीच बोलले, "कालवड होती तेव्हाचा. मंजू यायच्या आधीचा." म्हणजे रोग आधीपासून घरातच होता, आत्याबाईंच्या लाडक्या गायीत! "आता सांगा, पांढरे पाय कुणाचे?" मी ओरडले. मला कुणी गप केलं न्हाई.

लुंबिनीनं फटी बुजवायला सांगितल्या, औषध मारायला सांगितलं. कालवडीला लस मिळते, ती टोचून घ्या, म्हणाली. ह्याच प्रथिनांवरून आणखी सोपी लस करायचं काम चाललंय. ती गेली तसे मामंजी अक्काकडं वळले. "झालं गेलं सोडून दे, पोरी. आजपासून गोठा तुझा. ती बॅग आत ठेव."

तेव्हा अक्का बोलली. आवाज चढवला न्हाई तिनं.

"पहिली गाय मेली तेव्हा माझे बाबा मला पंचमीला न्यायला आले होते. तुम्ही त्यांना ओट्यावरच म्हणालात, कसल्या पायाची पोरगी गळ्यात मारली. ते पाणी न पिता गेले. पुन्हा ह्या दारात आले न्हाईत. मरताना आईला विचारलं त्यांनी, आपल्या पोरीत खरंच खोट होती का गं? माझ्या बापानं विचारलं, मामंजी! त्यांना आता कुठली पट्टी दाखवू?"

भावजी पुढं आले, "मंजू, अगं..."

"तुम्ही बोलूच नका!" आता मात्र आवाज चढला. "बाप गेला, पण आई हाय. मामंजी, माझ्यासंगं माहेरी चला. आत्याबाई, तुम्ही पण चला. माझ्या आईसमोर, भावकी गोळा करून सांगायचं, की पोरीत खोट नव्हती. सांगून झाल्यावर इथं परत यायचं का न्हाई, ते मी ठरवीन."

आत्याबाई म्हणाल्या, लोक काय म्हणतील. अक्कानं ऐकूनच घेतलं न्हाई. आमची दुधाची पिकअप गाडी अंगणात उभी होती. बॅग मागं टाकून ती पुढच्या सीटवर जाऊन बसली आणि हात लांबवून हॉर्न दाबला. सगळी गल्ली बाहेर आली. मामंजी चपला घालून गाडीपर्यंत येईस्तोवर तिनं हॉर्नवरचा हात काढला न्हाई.