चार नंबरचा गोळा

दिपमाला बारा वर्षांची होती तेव्हा तिच्या वडिलांना अख्ख्या गावानं खोटारडं ठरवलं. ते ती विसरली नाही. विसरावं असं तिला कधी वाटलंही नाही. आज ती चौतीसची आहे, जळगावला पिंप्राळ्यात राहते, स्कूटीवरून ऑफिसला जाते, येताना चारचौघींसारखी भाजी घेऊन येते. पण त्या दिवसाचा राग तिनं लोणच्यासारखा मुरवत ठेवला होता.

झालं होतं ते असं. भडगाव तालुक्यात, गिरणेच्या काठच्या एका गावात तिच्या वडिलांचं, म्हणजे रुपचंद आबांचं, शेत. शेजारी पितांबर नानाचं. नाना म्हणायची गावची रीत, म्हणून नाना. एरवी हा माणूस कुठल्याच मानाच्या लायकीचा नव्हता. दोघांच्या मध्ये बांध, बांधावर हद्दीचा दगड. एका दुपारी आबा माळ्यावर उभं राहून ज्वारीवरची पाखरं हाकत होते आणि त्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिलं, की नाना वाकून तो दगड उपटतोय आणि तीन पावलं अलीकडे, आबांच्या वावरात रोवतोय. आबा ओरडत खाली उतरेपर्यंत माती दाबूनही झाली होती. दुसऱ्या दिवशी नानानं त्या दगडाला शेंदूर फासला आणि त्याचा म्हसोबा करून टाकला. शेंदूर लागलेल्या दगडाला हात लावायची कोणाची छाती होणार?

गाव खंडेरावाच्या देवळात बसलं. आबांना एकच प्रश्न विचारला गेला, "तुन्हाशिवाय आखो कोनी दखं का?"

दुसऱ्या कोणी पाहिलं नव्हतं. मग नानानं खंडेरावाची शपथ म्हणून बेलभंडारा उचलला आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "मी दगडले हात बी लावा नही." संपलं. देवावर हात ठेवून माणूस खोटं बोलेल यावर गावाचा विश्वास नव्हता. रुपचंद खोटं बोलत असेल यावर मात्र लगेच बसला. तेव्हापासून आबांनी कुठं तोंड उघडलं की कोणीतरी म्हणायचंच, "रुपचंदले दगड चालतांना दिसतस!" आणि सगळे हसायचे. आबा बोलायचेच बंद झाले. लग्नकार्यात शेवटच्या रांगेत बसायचे, जेवायचे, निघून यायचे. जमीन गेल्याचं दिपमालाला तितकं वाटलं नाही. त्या शेवटच्या रांगेनं तिचं काळीज जाळलं.

घरचे म्हणाले डी.एड. कर, मास्तरीण हो. ती म्हणाली, मी मोजणी शिकणार. धुळ्याला जाऊन तिनं डिप्लोमा केला. वर्गात एकटी मुलगी. मुलगा बघायला आला तेव्हा पहिल्याच भेटीत तिनं त्याला दगडाची सगळी गोष्ट सांगितली. तरी तो हो म्हणाला, एवढा त्याचा चांगुलपणा.

आता ती जळगावातल्या एका मोजणी कंपनीत स्कॅन जुळवण्याचं काम करते. लेझरचं यंत्र तिवईवर उभं करतात, ते स्वतःभोवती फिरतं आणि समोर दिसेल त्याचे लाखो ठिपके मोजून घेतं; मोजता मोजता फोटोही काढतं. पण झाडामागचं, घराआडचं त्याला दिसत नाही. म्हणून ते दहा ठिकाणी उभं करावं लागतं आणि मग ते दहा तुकडे एकमेकांना जोडावे लागतात. जोडायचे कसे? तर जागोजागी पांढरे गोळे ठेवतात. या स्कॅनमधला गोळा त्या स्कॅनमधल्या त्याच गोळ्यावर बसला, की तुकडे जुळले. अट एकच, सगळं होईपर्यंत गोळ्यांना कोणी हात लावायचा नाही.

गेल्या माघात कंपनीकडे गिरणेवरच्या नव्या पुलाच्या रस्त्याचं काम आलं. रस्ता दिपमालाच्या गावातून जाणार होता. यंत्र घेऊन कंपनीतला प्रेमराज गेला. दोन दिवसांनी ती स्कॅन जुळवायला बसली. पहिले पाच तुकडे गपगुमान बसले, दोन-तीन मिलिमीटरच्या आत. सहावा काही केल्या बसेना. चार नंबरचा गोळा एक मीटर बेचाळीस सेंटीमीटर सरकलेला दाखवत होता.

"त्या गोळ्याजवळ कोणी आलं होतं का?" तिनं प्रेमराजला विचारलं.

"एक म्हातारे आजोबा मागंच लागले होते. हा गोळा म्हणजे हद्द का, हा गोळा म्हणजे हद्द का. शेवटी वैतागून म्हटलं, हो बाबा, हद्दच समजा."

दिपमालाचा हात माऊसवरच थांबला. चार नंबरचा गोळा म्हसोबाजवळच्या बांधावर होता. तिनं सहावा स्कॅन उघडला, बांधाजवळ नेला, मोठा केला. ठिपक्यांचा एक माणूस वाकलेला होता. टोपी, खांद्यावर उपरणं, आणि अख्ख्या गावाला माहीत असलेला नानाचा मोडून वाकडा बसलेला डावा कोपर. दोन्ही हातांनी तो गोळा आबांच्या वावरात नीट बसवत होता. पाचव्या स्कॅनमध्ये तोच गोळा बांधावर होता.

तिला इतका आनंद झाला की ती उठून पाणी पिऊन आली.

तिचे वरिष्ठ भूपेंद्र सर म्हणाले, "तो गोळा काढून टाक, बाकीचे पुरेसे आहेत." खरंच पुरेसे होते. चार नंबर वगळल्यावर सगळे तुकडे चोख जुळले. तरी एक अख्खी दुपार ती पडद्यासमोर बसून राहिली. जुळवणी जरा फिरवली असती तर रस्ता सरळ नानाच्या विहिरीवरून गेला असता, आणि कोणाला कळलंही नसतं. मोह झाला, खोटं कशाला सांगा! पण तशानं नानाची फक्त विहीर गेली असती. आबांचं नाव जिथं होतं तिथंच राहिलं असतं. तिनं बरोबर होता तोच नकाशा दिला, आणि पाचवा-सहावा स्कॅन स्वतःच्या लॅपटॉपवर घेतला.

नकाशा गावाला समजावून सांगायची बैठक ग्रामपंचायतीत ठरली. "मीच जाते," ती म्हणाली. जाताना पिंप्राळ्याच्या महादेवाजवळून बेलाची पानं घेतली, पर्समध्ये भंडाऱ्याची पुडी टाकली.

हॉल भरला होता. पुढच्या खुर्चीत नाना, हातात काठी. शेवटच्या रांगेत आबा. रस्त्याचं सगळं सांगून झाल्यावर दिपमाला नानासमोर आली.

"नाना, वळखं का? मी रुपचंदनी दिपमाला. बांधवरला आम्हना एक गोया सरकना. कोनी हात लावा व्हई?"

"माले काय माहित? यंत्रनी भानगड तुम्हले माहित!"

"मंग उचला बेलभंडारा."

बेलाची पानं आणि भंडारा ठेवलेली ताटली तिनं पुढं केली. सरपंच काही बोलणार होते, पण तिचं तोंड पाहून ते पुन्हा खुर्चीत टेकले. सगळं गाव बघत होतं. नाना हसला. एकदा पचलेलं होतंच. त्यानं बेलभंडारा उचलला.

"मी गोयाले हात बी लावा नही."

तेच शब्द. बावीस वर्षं तिला हेच ऐकायचं होतं. तिनं भिंतीवरच्या पडद्यावर आधी पाचवा स्कॅन लावला, बांधावरचा गोळा दाखवला. मग सहावा. माणूस वाकलेला, टोपी, उपरणं, वाकडा कोपर, हातात गोळा.

नानानं हातातली बेलाची पानं घाईघाईनं खिशात कोंबली. तो फार म्हातारा दिसत होता. दिपमालाला दया आली का? नाही आली. तिनं चित्र आणखी मोठं केलं.

मागून कोणीतरी उठलं. आबा होते. रांगांमधून वाट काढत ते थेट पडद्यापाशी आले आणि त्या वाकलेल्या माणसावर त्यांनी बोट ठेवलं.

"दगडना येळले बी तू आसाच वाकेल व्हता, नाना."

आणखी कोणी पाहिलं का, असं या वेळी कोणी विचारलं नाही. नाना काठी टेकून उठायला लागला.

"बस," आबा म्हणाले. मग लेकीकडे वळले. "आखो एकडाव दखाड, बेटा. बठ्ठा गावले दिसू दे."

दिपमालानं पाचव्या स्कॅनपासून पुन्हा सुरुवात केली.